पवनचक्की सगळ्यात शेवटी: सतराव्या शतकातल्या डच पद्धतीचं ग्रामीण निसर्गचित्र ऑइलमध्ये कसं रंगवायचं

मी पहिल्यांदा डच लँडस्केप करायला बसलो तेव्हा काय केलं माहितीये? मधोमध मोठ्ठी पवनचक्की काढली, बाजूला काळीपांढरी गाय, खाली हिरवंगार गवत, वर निळंशार आकाश आणि हौस म्हणून एका कोपऱ्यात ट्युलिपची रांग. दोन रविवार गेले आणि जे तयार झालं ते बिस्किटाच्या डब्यावर शोभलं असतं. नंतर खऱ्या चित्रांचे मोठे फोटो नीट बघितले तेव्हा कळलं की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकलीये. त्यांची गावाकडची चित्रं मुळात गावाची नसतातच, ती आकाशाची असतात, गाव खाली पट्टीसारखं असतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मं काम झालं, म्हणून खालच्या सगळ्या स्टेप्स आकाशाच्या बाजूने लिहिल्यात.

आधी बघा, आठवडाभर तरी

हे टाळू नका प्लीज. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर जुन्या चित्रांचे प्रचंड मोठे फोटो फुकट डाउनलोड करता येतात, झूम केलं की ब्रशचा एकेक फटकारा दिसतो. तीन चित्रं घ्या. पहिलं यान व्हान खोयेनचं १६४१ चं दोन ओक झाडांचं चित्र (आपण इंग्रजी वळणाने गोयेन म्हणतो, तेही चालेल). दुसरं याकोब व्हान राउसडालचं वाइक बाय ड्यूरस्टेडची पवनचक्की, साधारण १६६८ ते ७० च्या सुमाराचं. तिसरं त्याचंच हार्लेम गावाचं, पुढे कापड वाळत घातलेल्या मैदानांचं, ते हेगच्या माउरित्सहाउस म्युझियममध्ये आहे.

फोटो मोबाईलवर घ्या आणि एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट करा. मग डोळे बारीक करून बघा. हार्लेमच्या चित्रात जमीन खालच्या एक तृतीयांशातच संपते, वरचं सगळं ढगांचं आहे. आणि त्या जमिनीवर काळा-पांढरा-काळा-पांढरा असे आडवे पट्टे आहेत. त्या ढगांच्या सावल्या आहेत! त्या काळात हार्लेमला लिनन कापड ब्लीच व्हायला यायचं, ते गवतावर पसरून उन्हात ठेवायचे, राउसडालने बरोब्बर त्या कापडांवर ऊन पाडलंय आणि बाकीचं गाव सावलीत ढकललंय. क्षितिजावर सेंट बाव्होचं चर्च आहे, तेवढंच आकाशात घुसतं. चित्र साधारण ५५ बाय ६२ सेंटीमीटरचं, म्हणजे फार मोठं पण नाही, तरी मैलोनमैल पसरल्यासारखं वाटतं.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेली जुनी युरोपियन ऑइल पेंटिंग्ज आहेत, तिथे जाऊन अर्धा तास नुसतं पृष्ठभागाकडे बघा, बाजूने तिरकं उभं राहून. रंग कुठे जाड आहे, कुठे पातळ आहे हे फोटोत कधीच कळत नाही.

सामान: रंग कमी घ्या, खरंच कमी

लोक छत्तीस ट्यूब घेऊन येतात आणि मग हिरव्याचे चार प्रकार वापरतात. तुम्हाला सात ट्यूब लागणार: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब, आकाश पिऊन टाकतं), यलो ऑकर, रॉ अंबर, लाइट रेड किंवा बर्न्ट सिएना, आयव्हरी ब्लॅक, अल्ट्रामरीन छोटी ट्यूब आणि थोडा लेमन यलो. कॅम्लिनचे आर्टिस्ट ऑइल कलर चालतात, इम्पोर्टेडच हवेत असं काही नाही. तयार हिरवा घेऊ नका. प्रशियन ब्लूही नको, एक तर तो १७०० नंतर बर्लिनमध्ये सापडला, म्हणजे ह्या मंडळींनी तो बघितलाच नव्हता, आणि दुसरं म्हणजे तो सगळ्या पॅलेटमध्ये घुसतो.

त्यांचे मूळ रंग वेगळे होते. पांढरा शिशाचा, तो विषारी, आपण त्याच्या वाटेला जायचं नाही. निळ्यासाठी अझुराइट (निळ्या खनिजाची पूड) किंवा स्माल्ट, स्माल्ट म्हणजे कोबाल्टच्या निळ्या काचेची पूड, स्वस्त होती पण तेलात कालांतराने करडी पडते. खरा अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडाचा, तो परवडायचाच नाही. पिवळ्यात शिसं आणि कथिल यांचा एक छान लिंबासारखा रंग होता, तो अठराव्या शतकात वापरातून गेला आणि लोक पार विसरले, १९४१ मध्ये परत ओळखला गेला. आपला लेमन यलो त्याच्या जागी.

बाकी: हॉग हेअरचे चपटे ब्रश दोन-तीन, मऊ गोल ब्रश दोन (एक अगदी बारीक), जुना झालेला फाटक्या केसांचा ब्रश एक, तो टाकून देऊ नका, झाडांना लागतो. जवसाचं तेल, टर्पेंटाईन, कापडाच्या चिंध्या. चिंध्यांबद्दल एक सिरियस गोष्ट. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका, तेल वाळताना गरम होतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बोर्ड तयार करणं

कॅनव्हास नको, बोर्ड घ्या. खोयेन ओकच्या फळ्यांवर रंगवायचा आणि इतका पातळ रंगवायचा की काही ठिकाणी लाकडाचे रेषे रंगातून दिसतात. आपल्याला सहा मिलिमीटरचा एमडीएफ बास, १२ बाय १६ इंच कापून आणा, आडवा वापरायचा. जेसोचे (रंगाखाली द्यायचं पांढरं अस्तर) तीन कोट, प्रत्येक कोट आधीच्याच्या काटकोनात, आणि मागच्या बाजूलाही एक-दोन कोट मारा, नाहीतर पावसाळ्यात बोर्ड पापडासारखा वाकतो. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासा.

आता पांढऱ्यावर थेट रंगवायचं नाही. ऑकर आणि थोडा अंबर टर्पेंटाईनमध्ये अगदी पातळ करून पूर्ण बोर्डवर फासा आणि चिंधीने पुसून घ्या. दुधाचा चहा जरा जास्तच पातळ झाला तर जो रंग येतो तो हवाय. दोन दिवस वाळू द्या. हा उबदार रंग शेवटपर्यंत इथून तिथून डोकावणार आणि त्यानेच सगळं चित्र बांधलं जाणार, म्हणून ही स्टेप कंटाळवाणी असली तरी गाळू नका.

छोटी स्केचेस, आणि बिनधास्त खोटं बोला

हे चित्रकार बाहेर जाऊन ऑइल रंगवायचे असा एक गैरसमज आहे. बाहेर जाऊन ते काळ्या खडूने वहीत स्केच करायचे, रंगवायचे घरी स्टुडिओत. रंगाची दाबायची ट्यूबच १८४१ ची आहे, तोपर्यंत सगळं घोटून वापरायचं. आणि स्टुडिओत आल्यावर ते खुशाल फेरफार करायचे. जर्मन सीमेवरचं बेंटहाइमचं गढीवजा कॅसल खरं तर साध्या टेकाडावर आहे, राउसडालने त्याला चक्क डोंगरावर नेऊन बसवलं. खोयेन तर एका गावाचा चर्चचा मनोरा उचलून दुसऱ्याच नदीकाठी लावायचा. तेव्हा तुम्ही नेटवरून घेतलेल्या फोटोशी एकनिष्ठ राहायची काहीच गरज नाही.

पोस्टकार्डाएवढे पाच-सहा चौकोन काढा. प्रत्येकात क्षितिज खालून पाव ते एक तृतीयांश उंचीवर. मग एकच निर्णय घ्यायचा, कुठल्या कोपऱ्यातून तिरकी रेघ निघणार. खोयेनची नेहमीची युक्ती अशी की एका बाजूला जवळचं काहीतरी उंच, म्हणजे वाळूचं टेकाड, मोडकं कुंपण, एखादं झाड, आणि तिथून जमीन उतरत उतरत दुसऱ्या बाजूला पाण्यात किंवा धुक्यात विरून जाते. रस्ता असेल तर तो नागमोडी. सरळ मधोमध रस्ता हॉब्बेमाने १६८९ मध्ये मिडलहार्निसच्या चित्रात काढला आणि जबरदस्त काढला, पण तो हॉब्बेमा होता, पहिल्या चित्रात आपण त्या भानगडीत पडू नये.

पहिला थर: मेलेला रंग

डच भाषेत या थराला डोडफर्फ म्हणतात, शब्दशः मेलेला रंग. नाव भयंकर आहे पण काम सोपं. रॉ अंबर आणि थोडा काळा, टर्पेंटाईनमध्ये पातळ, आणि मोठ्या ब्रशने फक्त गडद-फिकट वाटून घ्यायचं. पेन्सिल नको. पुढचा जमिनीचा तुकडा गडद, त्यामागे एक फिकट पट्टा, त्यामागे मध्यम, क्षितिज फिकट. आकाशात ढगांच्या खालच्या बाजू अगदी हलक्या हाताने.

इथे एक किस्सा सांगतो. सॅम्युएल व्हान होग्स्त्राटेन नावाचा चित्रकार, त्याने १६७८ मध्ये तीन चित्रकारांच्या पैजेची गोष्ट लिहून ठेवलीये, एका दिवसात चित्र कोण पुरं करतं अशी. त्यातला एक खोयेन. त्याने काय केलं, पूर्ण फळीवर इथे फिकट तिथे गडद असे नुसते रंग फासले, बघणाऱ्यांना वाटलं हे काय चाललंय, आणि मग त्या गोंधळातूनच त्याने घरं, होड्या, काठ शोधून काढले. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण डोडफर्फ करताना हेच करायचंय. फासा, थोडं लांब जा, बघा काय दिसतंय. मला एकदा असल्याच एका डागात गवताची गंजी दिसली आणि ती प्लॅनमध्ये नसलेली गंजीच चित्रातला सगळ्यात बरा भाग ठरली.

नीट वाळू द्या. अंबर लवकर वाळतो, कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत काम होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बोट लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आकाश: एका बैठकीत, ओल्यावर ओलं

रविवारची पूर्ण सकाळ मोकळी ठेवा. आकाश अर्धवट सोडून चहाला गेलात तरी ठीक, पण पुढच्या रविवारी पुरं करू म्हणालात तर संपलं, कडा जुळणार नाहीत.

गंमत अशी की निळा फारसा लागतच नाही. आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा मिसळून बघा, जो करडा येतो तो जरा निळसर असतो, आणि चहाच्या रंगाच्या बोर्डवर लावला की शेजारच्या उबदार रंगामुळे तो चक्क निळा वाटायला लागतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पॅलेट दोनदा तपासलं होतं. अल्ट्रामरीनचा ठिपका फक्त वरच्या भागात, जिथे ढगांमधून खरं आकाश दिसतं तिथे.

चार ढीग करून ठेवा. एक, पांढरा अधिक ऑकरचा कण, ढगांच्या उन्हातल्या कडांसाठी. दोन, फिकट करडा. तीन, मध्यम करडा, त्यात लाइट रेड नखाएवढा, म्हणजे तो किंचित जांभळट होतो, हा ढगांच्या पोटाला. चार, निळा तुकडा. ऊन कुठल्या बाजूने येतंय ते आधी ठरवा आणि बोर्डच्या त्या कडेवर पेन्सिलने बाण काढून ठेवा, हसू नका, अर्ध्या तासाने आपण विसरतो आणि ढग दोन्हीकडून उजळतात.

क्षितिजापासून वर जायचं. क्षितिजाजवळचे ढग लहान, चपटे, एकमेकांना चिकटलेले आणि कमी फरकाचे, वर जाल तसे मोठे, फुगलेले, आणि त्यांच्यात गडद-फिकट फरक जास्त. रस्ता जसा लांब जाताना अरुंद होतो तसंच ढगांचंही होतं, आपण ते विसरतो आणि सगळीकडे एकाच मापाचे कापसाचे गोळे चिकटवतो. ढगाची उन्हाकडची कड जाड रंगाने आणि स्पष्ट, सावलीकडची पातळ आणि पुसट, कोरड्या मऊ ब्रशने जरा ओढून घेतलेली. मध्ये मध्ये खालचा चहाचा रंग तसाच उघडा सोडा. सगळं झाकायची जी खाज असते ना, तिच्यावर ताबा ठेवा.

खोयेन असा पातळ आणि कमी रंगात का रंगवायचा याचं एक कारण पैशाचंही असावं. चित्रं उघड्या बाजारात विकली जायची, घेणारे साधे शहरातले लोक, त्यामुळे स्वस्त रंग आणि कमी वेळ हे गणित होतं. त्याने बाराशेच्या वर पेंटिंग्ज केली. तरी पठ्ठ्या कर्जातच गेला, कारण १६३७ च्या जानेवारीच्या शेवटी त्याने ट्युलिपच्या कंदांत पैसे घातले आणि काही दिवसांतच बाजार कोसळला. हल्ली मार्केट पडल्यावर आमच्या ग्रुपवर जे मेसेज येतात ते वाचून मला दरवेळी खोयेन आठवतो.

लांबची जमीन

आकाश ओलं असतानाच क्षितिज घ्या, म्हणजे कड कापल्यासारखी येणार नाही. आकाशाच्याच फिकट करड्यात थोडा ऑकर घालून क्षितिजाची पट्टी, जवळ येताना हळूहळू अंबर वाढवायचा. लांबचं सगळं फिकट, निळसर, आणि कमी फरकाचं. चर्चचा मनोरा काढायचा तर तो आकाशाच्या करड्यापेक्षा एकच छटा गडद ठेवा, आणि उंच फक्त तोच. देश सपाट असल्यामुळे एवढीशी उभी रेघसुद्धा चित्र पेलून धरते.

इथे तिथल्या जमिनीची एक गंमत लक्षात ठेवा. बराच भाग पाणी उपसून मिळवलेला आहे, बेमस्टरचं तळं १६१२ मध्ये पवनचक्क्यांनी उपसून कोरडं केलं. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी शेत खाली आणि कालव्याचं पाणी वर, बांधाच्या पलीकडे. म्हणून शेताच्या मागे नुसतं शीड चालल्यासारखं दिसतं, होडी दिसतच नाही. असं एक छोटं तपकिरी शीड लांबवर टाकून बघा.

मधला भाग आणि पुढचा भाग

मध्ये उन्हाचा एकच पट्टा. एकच! ऑकर, पांढरा आणि लेमन यलोचा स्पर्श. त्याच्या पुढे-मागे सावली. हा पट्टा ढगांमधल्या उघड्या भागाशी जुळला पाहिजे, वर मोकळं आकाश कुठेच नाही आणि खाली लख्ख ऊन, असं झालं की बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

पुढचा तुकडा गडद, जवळजवळ अंबर आणि काळ्याचाच. हा उंबरठा समजा, त्यावरून नजर आत उडी मारते. त्यात दोन-चार स्पष्ट गोष्टी, म्हणजे गवताची पाती, गाडीच्या चाकाची चाकोरी, कुंपणाचा मोडका खांब. खोयेन असल्या गोष्टी जाडसर रंगाच्या वेलांटीसारख्या फटकाऱ्यांनी करायचा, दोन सेकंदांत एक गवताचा झुबका.

आता हिरवा. ऑकर अधिक काळा मिसळा. बघा, हिरवा झाला. मळकट, शेवाळी, आणि अगदी बरोबर. उन्हातल्या गवतासाठी लेमन यलो अधिक काळा. एवढ्यावर सगळं चित्र निघतं. जुन्या चित्रांत काही झाडं निळी किंवा तपकिरी दिसतात, त्याचं एक कारण म्हणजे हिरव्यासाठी वापरलेला वनस्पतींचा पिवळा रंग उन्हाने उडून गेला आणि मागे निळाच राहिला, तेव्हा ते निळेपण कॉपी करत बसू नका.

झाडाला आधी खोड आणि फांद्यांचा सांगाडा, मग पानांचे मोठे गडद पुंजके, मग तो फाटका ब्रश घेऊन फक्त उन्हाच्या बाजूला टिपटिप. पुंजक्यांमध्ये आकाशाची भोकं ठेवा. झाड ओकचं असेल तर फांद्या वेड्यावाकड्या, एखादी मेलेली, राउसडालच्या झाडांत अशी एक तरी असतेच.

आता, आणि आत्ताच, चक्की, गाई, माणसं

तोपर्यंत चित्र आठवडा-दहा दिवस वाळलेलं असावं. वरच्या थरात तेल थोडं जास्त, टर्पेंटाईन कमी, खाली पातळ वर तेलकट हा नियम मोडला की पुढे भेगा पडतात.

चक्की काढणार असाल तर वाऱ्याचा विचार करा. चक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळवलेलं असतं, मग तुमच्या होडीचं शीड, झाडाचा झुकाव आणि ढग हे सगळं त्याच वाऱ्यात हवं. राउसडालची वाइकची चक्की एवढी भव्य वाटते कारण क्षितिज खाली आहे आणि ती एकटीच त्या काळ्या ढगांसमोर उभी आहे, त्याने तिला तपशिलाने मोठं केलेलं नाही.

गाई लाल-तपकिरी, फिकट पिवळट अशाच जास्त काढा, कौप आणि पॉटर या त्याच काळातल्या चित्रकारांच्या चित्रांत अशाच दिसतात, आपण ज्या काळ्यापांढऱ्या डच गाई म्हणतो त्यांचं राज्य नंतरचं. पाउलस पॉटरने १६४७ मध्ये जवळजवळ साडेतीन मीटर रुंद चित्र एका तरुण बैलाचं केलं, वय वर्षं एकवीस-बावीस, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी गेला बिचारा. आपल्या गाई मात्र तांदळाच्या दाण्याएवढ्या. तीन फटकारे, पाठ, पोट, सावली. बसलेली गाय सोपी पडते, पाय काढावे लागत नाहीत.

माणसं पाठमोरी, चालणारी किंवा नुसती टेकून बसलेली. जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, राउसडाल आणि हॉब्बेमाच्या कितीतरी चित्रांत माणसं आड्रियान व्हान डे व्हेल्डेने काढून दिलीत. एका माणसाच्या बंडीला किंवा टोपीला लाल ठिपका द्या, लाइट रेडचाच, त्याने सगळे करडे-तपकिरी रंग एकदम जागे होतात. दुसरा लाल ठिपका द्यायचा मोह होईल. नको.

वाळवणं, व्हार्निश, फ्रेम

काळा आणि टायटॅनियम पांढरा हळू वाळतात आणि तुमचं आख्खं आकाश त्याच दोघांचं आहे, त्यामुळे हात लावून कोरडं वाटलं तरी आत ओलं असतं. शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांनी, शक्यतो पावसाळा टाळून, दमट हवेत व्हार्निशवर पांढुरकी झाक येते. तोपर्यंत मधले भाग मेल्यासारखे मॅट दिसले तर रीटच व्हार्निशचा (तात्पुरतं, पातळ व्हार्निश) एक पातळ हात. फ्रेम साधी, रुंद, काळी. सोनेरी नक्षीवाली लावलीत तर तुमचे सगळे करडे घाणेरडे दिसतील.

आणि वाळताना बोर्ड कपाटाच्या मागे किंवा पलंगाखाली ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. माझं एक आकाश तसंच हळदीसारखं झालं होतं, मग खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही असं दोन-तीन आठवडे ठेवलं तेव्हा बरंचसं परत करडं झालं.